लाइपझिगमधला पहिला आठवडा आणि टपालपेटीवरचे नाव

अर्धविराम:

पदव्युत्तर शिक्षणासाठी मी ऑक्टोबरच्या 2 तारखेला, गुरुवारी संध्याकाळी, जर्मनीतल्या लाइपझिगला पोचले. आता तीन आठवडे झाले आहेत, आणि पहिल्या आठवड्यातल्या चुका पुसट होण्याआधी त्या या मंचावर लिहून ठेवाव्यात असे वाटले. येण्यापूर्वी मी जे काही वाचले होते ते सारे व्हिसा, विमा आणि सामानाचे वजन यांच्याभोवती फिरत होते. माझा आठवडा मात्र भलत्याच गोष्टींनी खाल्ला.

सुरुवात स्थानकापासूनच झाली. लाइपझिगचे मुख्य रेल्वे स्थानक 1915 साली पूर्ण झाले तेव्हा त्याचा अर्धा भाग शेजारच्या प्रशिया राज्याच्या रेल्वेकडे आणि अर्धा सॅक्सनीच्या, म्हणजे हे शहर ज्या राज्यात आहे त्याच्या, रेल्वेकडे होता. म्हणून त्याला एकासारखी एक अशी दोन प्रवेशदालने आहेत, एक पश्चिमेला आणि एक पूर्वेला. हा इतिहास मला नंतर कळला. त्या संध्याकाळी मला एवढेच माहीत होते की घरातला एक सहनिवासी किल्ली घेऊन मोठ्या जिन्याखाली थांबणार आहे. मी जिन्याखाली उभी होते आणि तोही जिन्याखालीच उभा होता. फोनवर आम्ही एकमेकांना समोरच्या दालनाचे वर्णन करून सांगत होतो आणि वर्णन तंतोतंत जुळत होते. फक्त माणूस दिसत नव्हता. अशी वीस मिनिटे गेल्यावर त्याच्याच डोक्यात प्रकाश पडला.

दुसऱ्या दिवशी 3 ऑक्टोबर, म्हणजे जर्मनीच्या एकीकरणाची राष्ट्रीय सुट्टी. सगळी दुकाने बंद. शनिवारी ती उघडली आणि रविवारी पुन्हा बंद झाली. शुक्रवारचा दिवस मी विमानात वाचवलेल्या बिस्किटांवर आणि नळाच्या पाण्यावर काढला, आणि वेळ जात नव्हता म्हणून दोन कामे उरकली. एक, बँकेत खाते उघडण्याचा अर्ज ऑनलाइन भरला. दोन, खाली जाऊन टपालपेटीवर नाव लावले.

या दुसऱ्या कामाविषयी थोडे सविस्तर लिहिते. दरवाज्याच्या आत बारा पेट्यांची रांग होती आणि प्रत्येक पेटीवर काळ्या अक्षरांत छापलेली आडनावे होती. आमच्या पेटीवर तीन आडनावे होती. मी वहीचा कागद फाडून त्यावर निळ्या पेनने माझे पहिले नाव लिहिले आणि चिकटपट्टीने लावून टाकले. आडनाव लिहावे असे मनातही आले नाही, कारण आडनावाने मला कोणी हाक मारत नाही. इथल्या पत्त्यात रस्ता आणि इमारतीचा क्रमांक असतो, सदनिकेचा क्रमांक सहसा नसतोच. त्यामुळे पत्र कोणत्या पेटीत टाकायचे हे पोस्टमन पेटीवरचे आडनाव पाहून ठरवतो, हे मला कुठे ठाऊक होते? बँकेने कार्ड एका पाकिटात आणि पिन दुसऱ्या पाकिटात पाठवला. दोन्ही पाकिटे 'प्राप्तकर्ता सापडत नाही' या शेऱ्यासह परत गेली. मी मात्र रोज सकाळी आणि संध्याकाळी पेटी उघडून पाहत होते.

सोमवारी आणखी एक घोळ झाला. इथे राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाने सही केलेले वास्तव्याचे प्रमाणपत्र लागते. नुसता भाडेकरार चालत नाही. इमारतीचा देखभाल करणारा माणूस ते देणार होता. त्याने फोनवर 'फिर्टल नॉइन' अशी वेळ सांगितली. मी जर्मनची बी-1, म्हणजे मध्यम पातळीची, परीक्षा उत्तीर्ण झालेली आहे. 'फिर्टल' म्हणजे पाव आणि 'नॉइन' म्हणजे नऊ, तेव्हा सव्वानऊ, असा सरळ हिशेब करून मी नऊ वाजून दहा मिनिटांनी तिथे हजर झाले. तो तासाभरापूर्वीच येऊन, थांबून, निघून गेला होता. त्यानंतर फोनवर तो जे बोलला त्यातले मला फारसे समजले नाही, हे बरेच झाले म्हणायचे.

इथे राहून गेलेल्यांना विचारायचे आहे की पहिल्या आठवड्यात नेमके काय आधी करावे आणि काय खुशाल सोडून द्यावे. मला सगळे एकदम करायचे होते आणि म्हणूनच काहीही धड झाले नाही.

सांजवेळ:

तुमची चूक जर्मनची नाही, पुस्तकातल्या जर्मनची आहे. पाठ्यपुस्तकात सव्वानऊला 'नऊनंतर पाव' असे म्हणायला शिकवतात. सॅक्सनीत आणि पूर्वेकडच्या पुष्कळ भागात मात्र नुसते 'पाव नऊ' म्हणतात, आणि त्याचा अर्थ नववा तास पावभर झाला, म्हणजे सव्वाआठ. 'हाल्प नॉइन' म्हणजे अर्धे नऊ, अर्थात साडेआठ. ही रीत सबंध जर्मनीत आहे. आणि 'ड्रायफिर्टल नॉइन' म्हणजे पाऊण नऊ, अर्थात पावणेनऊ. इंग्रजीच्या वाटेने जर्मनकडे गेलात तर इथे हमखास ठेच लागते. मराठीच्या वाटेने गेलात तर निदान पावणेनऊ आपोआप जमते, कारण आपणही येणाऱ्या तासाचेच नाव घेतो. सव्वाला आणि साडेला आपण मागच्या तासाचे नाव घेतो आणि ते पुढच्या तासाचे, एवढाच फरक लक्षात ठेवायचा.

माझे तर असे मत झाले आहे की आकड्यांच्या बाबतीत मराठी माणसाने इंग्रजी पूर्ण बाजूला ठेवून जर्मन शिकावे. एकवीस म्हणजे आधी एक आणि मग वीस. जर्मनमध्येही 'एक आणि वीस'. बावीस, तेवीस, चोवीस, सगळे त्याच चालीने. इंग्रजी बोलणारी मुले दूरध्वनी क्रमांक ऐकताना आकडे उलटे लिहून ठेवतात. आपल्याला तो उलटा क्रम बालवाडीपासून अंगवळणी पडलेला असतो. एकोणतीसच्या गटात तेवढे आपण वेगळे पडतो. दीडसाठीही त्यांच्याकडे 'आंडर्टहाल्प' असा स्वतंत्र शब्द आहे, आणि तो मला पहिल्यांदा एका भाजीवाल्याने 'दीड किलो' या अर्थाने ऐकवला तेव्हा अनोळखी गर्दीत नात्यातले कोणी भेटावे तसे झाले होते.

आणखी एक सूचना. तिथे कोणी 'नू' म्हटले तर तो नकार समजू नका. सॅक्सन बोलीत 'नू' म्हणजे 'हो'.

कागदोपत्री:

मी सहा वर्षांपूर्वी याच शहरात शिकायला होतो. तुमच्या प्रश्नाचे उत्तर क्रमवार देतो, पण आधी एक मतभेद नोंदवतो. पहिल्या आठवड्यात सगळे करायचे नसतेच. त्या आठवड्यात फक्त दोन गोष्टी व्हाव्या लागतात: पेटीवर आणि दरवाज्याच्या घंटीवर पासपोर्टात आहे तसे आडनाव, आणि नोंदणीसाठी भेटीची वेळ. बाकी सारे या दोन खुंट्यांना टांगलेले असते.

ते कसे, ते सांगतो. नोंदणी झाली की काही आठवड्यांनी अकरा अंकी कर क्रमांक येतो, आणि तो टपालाने येतो. विम्याचे कार्ड टपालाने येते. बँकेचा पिन टपालाने येतो, हे तुम्ही अनुभवले आहेच. व्हिसा मिळवण्यासाठी आपण जे गोठवलेले खाते (ब्लॉक्ड अकाउंट) उघडतो, ज्यात सध्या वर्षाचे 11,904 युरो भरावे लागतात, त्यातले दरमहा 992 युरो तुमच्या जर्मनीतल्या चालू खात्यात येतात. तुमचे पैसे असूनही चालू खाते सुरू होईपर्यंत ते तुमच्या हाती लागत नाहीत. म्हणजे निळ्या पेनने लिहिलेल्या त्या चिटोऱ्याने तुमचा पहिला हप्ताच अडवून धरला होता. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो की पहिल्या महिन्याचे भाडे, अनामत रक्कम आणि खाणेपिणे भागेल इतके पैसे वेगळ्या मार्गाने सोबत आणावेत. अनामत रक्कम जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी असू शकते आणि कायद्याने ती तीन हप्त्यांत देता येते. घरमालक हे आपण होऊन सांगतीलच असे नाही.

नोंदणीसाठी दोन आठवड्यांनंतरची वेळ मिळाली तर घाबरू नये, मात्र वेळ घेतल्याची नोंद जपून ठेवावी. कार्यालयात बहुधा गडबड होते ती आपल्या नावात. आपल्या पासपोर्टात नावापुढे वडिलांचे नाव असते आणि तिथला कर्मचारी ती दोन्ही तुमचीच पहिली नावे समजतो. तसे समजू द्यावे. त्याला आपली पद्धत समजावत बसलात आणि त्याने मधले नाव गाळले, तर पासपोर्ट, विमा आणि विद्यापीठ यांच्या कागदांवर तीन वेगवेगळ्या व्यक्ती तयार होतात. माझ्या बाबतीत तसे झाले होते. ते निस्तरायला फेब्रुवारी उजाडला.

सुट्ट्यांविषयीही सांगून ठेवतो. 31 ऑक्टोबरला सॅक्सनीत धर्मसुधारणेची सुट्टी असते. नोव्हेंबरात एका बुधवारी प्रायश्चित्त आणि प्रार्थनेचा दिवस येतो आणि त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी साऱ्या जर्मनीत फक्त सॅक्सनीत असते. आदल्या दिवशी दूध आणून ठेवा.

निळीछत्री:

सुट्टीच्या दिवशी उपाशी राहायचे कारण नव्हते. रेल्वे स्थानकातली काही दुकाने रविवारी आणि सणाच्या दिवशीही उघडी असतात, कारण प्रवाशांना लागणाऱ्या वस्तू विकायला तिथे सवलत आहे. ज्या जिन्याखाली तुम्ही वीस मिनिटे उभ्या होतात, त्याच इमारतीत तुमचे जेवण होते.

दुसरे म्हणजे घराचा दरवाजा. बहुतेक सदनिकांच्या दरवाज्याला बाहेरून फिरणारी मूठ नसते. तो नुसता ओढला गेला तरी बंद होतो आणि मग किल्लीशिवाय उघडत नाही. मी माझ्या दुसऱ्याच दिवशी, कचरा टाकायला म्हणून, पायात फक्त मोजे घालून बाहेर पडले होते. जिन्यातला दिवा ठरावीक वेळाने आपोआप विझतो, त्यामुळे दर थोड्या वेळाने उठून बटण दाबायचे आणि पुन्हा पायरीवर बसायचे, असे मी सहनिवासी परत येईपर्यंत करत होते. कुलूपवाल्याला सुट्टीच्या दिवशी बोलावले तर तो केवढी रक्कम मागतो हे ऐकल्यापासून माझी एक किल्ली कायम मैत्रिणीकडे असते.

खिडकीपाशी:

माझी मुलगी पुढच्या महिन्यात जर्मनीतल्या दुसऱ्या एका शहरात जाणार आहे. कागदपत्रांची माहिती उपयोगी आहे आणि ती तिला वाचायला देते. माझा प्रश्न वेगळा आहे. माझ्या बहिणीचा मुलगा असाच गेला होता, आणि पहिला महिनाभर फोनवर 'सगळे ठीक आहे' याशिवाय काही बोलत नसे. तुम्हीही तसेच म्हणत होतात का? आणि तसे म्हणताना खरोखर काय चालू होते?

अर्धविराम:

काकू, हो, मीही तसेच म्हणत होते.

शुक्रवारी, म्हणजे त्या सुट्टीच्या दिवशी, आईचा फोन आला तेव्हा माझ्याकडे दुकान नव्हते, बँक नव्हती, आणि घरातली बाकीची मुले गावी गेलेली होती. हे सगळे सांगितले असते तर तिला रात्रभर झोप लागली नसती आणि मला त्याचा उपयोगही झाला नसता, असा मी हिशेब केला. त्यातून वेळेचा प्रश्न असतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत इथले घड्याळ भारताच्या साडेतीन तास मागे असते आणि त्या दिवसापासून साडेचार तास मागे जाते. इथे दिवसभराची धावपळ संपवून मी रात्री आठला बसते तेव्हा घरी साडेअकरा वाजलेले असतात आणि अर्धवट झोपेतल्या माणसाला अडचण सांगणे नको वाटते. 'ठीक आहे' हे मग सवयीचे होऊन जाते.

माझा अनुभव विचाराल तर 'कशी आहेस' या प्रश्नाला उत्तर देता येत नाही. आईने शनिवारी मला विचारले की खिडकीतून काय दिसते, आणि त्यावर मी पाऊण तास बोलले. इथल्या खिडकीची मूठ आडवी फिरवली तर खिडकी दारासारखी उघडते आणि उभी फिरवली तर वरच्या बाजूने आत झुकते; पहिल्यांदा ती झुकली तेव्हा मी ती मोडली असे समजून दोन्ही हातांनी धरून उभी राहिले होते. हे सांगताना मी हसले, आणि मग तेच हसणे कधी रडण्याकडे वळले ते कळले नाही. आईने फोन ठेवला नाही. त्यानंतर मला बरे वाटले, एवढे खरे.

कागदोपत्री, तुमचा क्रम पटला. नावाविषयीचा सल्ला मात्र थोडा उशिरा मिळाला, कारण विम्याच्या कागदावर मी वडिलांच्या नावाशिवाय आहे आणि विद्यापीठाच्या ओळखपत्रावर त्यांच्यासह.

सांजवेळ:

कागद होतील दुरुस्त. शहर पाहिले की नाही? योहान सेबास्टियन बाख 1723 पासून 1750 मध्ये मृत्यू येईपर्यंत ज्या थॉमस चर्चमध्ये संगीताचे काम पाहत होता, तिथे शुक्रवारी संध्याकाळी सहाला आणि शनिवारी दुपारी तीनला समूहगायन असते. शाळांच्या सुट्टीत मुलांचे गायकवृंद नसते, पण एरवी अवश्य जा. पहिल्या आठवड्यात भाषेवाचून पूर्ण समजलेली ती माझी एकमेव गोष्ट होती.

अर्धविराम:

तिथे अजून गेले नाही; जाईन. पण पहिल्या आठवड्याचा शेवट मात्र माझ्या काही न ठरवता झाला, तो सांगते.

येऊन बरोबर सात दिवस झाले तो गुरुवार 9 ऑक्टोबर होता. विद्यापीठातले परिचयसत्र आटोपून मी ऑगस्टुस चौकात आले तर ट्राम थांबलेल्या आणि चौकात माणसे जमलेली. ज्या तारखेला, 1989 साली, निकोलाय चर्चमधल्या शांतिप्रार्थनेनंतर सुमारे 70,000 लोक पूर्व जर्मनीच्या कम्युनिस्ट राजवटीविरुद्ध शहराच्या वर्तुळाकार रस्त्यावरून चालत गेले आणि त्यांच्यावर गोळी चालली नाही, ती ही तारीख. पुढे बरोबर एका महिन्याने बर्लिनची भिंत उघडली. त्या मोर्चाची आठवण म्हणून लोक चौकात मेणबत्त्या मांडून त्यांचा 89 हा आकडा तयार करतात. त्याच चौकाच्या कडेला विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. विद्यापीठ 1409 सालचे आहे, इमारत मात्र नवी. तिथे पूर्वी उभे असलेले विद्यापीठाचे चर्च तेव्हाच्या राजवटीने 1968 साली सुरुंग लावून पाडले होते. सकाळी याच इमारतीत मला ग्रंथालयाचे ओळखपत्र कसे वापरायचे ते दाखवले होते.

कोणीतरी माझ्याही हातात काचेच्या पेल्यातली मेणबत्ती दिली. वाऱ्याने ती विझली. शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ होते. त्यांनी काही न विचारता आपल्या मेणबत्तीने माझी पेटवून दिली. मी जमवून जमवून जर्मनमध्ये विचारले, ही इथेच ठेवायची का? ते म्हणाले, 'नू.' मला वाटले ते नाही म्हणत आहेत, म्हणून मी ती हातात धरून बसले. त्यांनी पुन्हा खाली बोट दाखवून म्हटले, 'नू, नू.' मी आणखी घट्ट धरली. शेवटी त्यांच्या पत्नीने माझ्या हातातून ती अलगद काढून घेतली आणि रांगेत ठेवली. सांजवेळ, तुमची सूचना त्या दिवशी मिळायला हवी होती.

कागदोपत्री:

नाव बदलून लावले का ते सांगितले नाहीत.

अर्धविराम:

मध्ये बरेच दिवस गेले, म्हणून एकदमच लिहिते. आडनाव छापून लावले, घंटीवरही आणि पेटीवरही. नोंदणी झाली. बँकेने कार्ड आणि पिन पुन्हा पाठवले, पण त्यांच्याही आधी, माझ्या आडनावाने या पेटीत आलेले पहिले पत्र काल सापडले. पाकीट जाडसर होते आणि त्यावर वडिलांच्या नावासह माझे पूर्ण नाव अचूक छापलेले होते. ते मी जिन्यातच उभी राहून उघडले. जर्मनीतल्या सार्वजनिक रेडिओ आणि दूरदर्शनचे शुल्क, दरमहा 18.36 युरो, राहायला आल्याच्या महिन्यापासून लागू.

घरात दूरदर्शन संच नाही, असे मी सहनिवाशाला म्हणाले. तो म्हणाला की संच असो वा नसो, शुल्क घरामागे एकच असते, ते तो आधीच भरतो आहे, आणि उत्तरात त्याचा सदस्य क्रमांक कळवला की झाले. माझा चौथा हिस्सा मी त्याला द्यायचा. उत्तर लिहून पाकिटात घातले आहे. पाठवणाऱ्याच्या जागी आधी आडनाव लिहिले.